रोजची सहा हजार पावलं

३१ ऑगस्ट, संध्याकाळी ७

आजपासून नियमित रोजनिशी. कारण घडलंय तसंच.

मुलगा दोन दिवस राहून गेला. जाताना माझ्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून गेला. म्हणे बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही दोनदा पडलात. मी म्हटलं, पडलो नाही, बसलो. फक्त जरा पटकन बसलो. त्यावर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, एकदा जिन्यात बसलात आणि एकदा रस्त्यात.

मुलाचं म्हणणं असं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वय अडुसष्ट. तेव्हा काटेदुरुस्तीचं दुकान बंद करा आणि दोघं आमच्याकडे राहायला या. तळमजल्यावरची खोली रिकामी करून ठेवलीय. एक्केचाळीस वर्षं मी लोकांचे तराजू, ताणकाटे, वजनकाटे सरळ केले. कुठल्या शाळेत शिकलो नाही, उघडून बघत बघत शिकलो. ते सगळं सोडून मुलाच्या तळमजल्यावर जाऊन काय करू, दाराचा अडसर होऊ?

शेवटी जेवणाच्या टेबलावर करार झाला. एक ते तीस सप्टेंबर. सरासरी रोज सहा हजार पावलं. भरली तर तो हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही भरली तर एक ऑक्टोबरला दुकानाची किल्ली त्याच्या हातात. आकडे थेट त्याच्या फोनवर जातात, त्यामुळे लपवाछपवी नाही.

मी एका पायावर तयार झालो. दिवसभर उभ्याने काम करणारा माणूस मी. माझ्या अंदाजाने रोजची बारा हजार तरी होत असतील. ही काही बोलली नाही. ही बोलली नाही की ती समोरच्याच्या बाजूने असते.

१ सप्टेंबर

१,९१२.

पहिल्या दिवशी यंत्राला सवय व्हायला वेळ लागतो.

२ सप्टेंबर, सकाळी १०

१,९१२ हा आकडा डोक्यातून जाईना म्हणून चाचणी घेतली. आपल्या जिन्यासमोरच्या व्हरांड्यात तोंडाने मोजत शंभर पावलं चाललो. घड्याळाने दाखवली ३८. पुन्हा चाललो. ४१. पुन्हा. ३५.

शंभर ग्रॅमला अडतीस दाखवणारा काटा माझ्याकडे आला असता तर मी तो मालकाला परत दिला नसता. आणि असलं यंत्र माझ्या दुकानाचं भवितव्य ठरवणार.

ही दार उघडून बघत होती. विचारलं, काय चाललंय. म्हटलं, मोजणी. म्हणाली, अहो, पाय उचला जरा, तुम्ही चालताय की फरशी पुसताय. मी म्हटलं, चपला सैल आहेत. उद्या नव्या आणायच्या. नोंद केली.

रात्रीपर्यंत १,७६०.

३ सप्टेंबर

नव्या चपला. पायात घट्ट.

बागेत पोस्टमन भेटला. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी चालतो असा, जणू अजून बटवडा उरलाय. त्याच्या मनगटावरही हेच घड्याळ, ह्याच कंपनीचं. बरोबरीने शंभर पावलं चाललो. त्याची ९८ भरली, माझी ४०.

मग मी आमच्या धंद्यातली युक्ती केली. तराजू खोटा वाटला की आम्ही पारड्यातला माल आणि वजन यांची अदलाबदल करतो. त्याचं घड्याळ मी घातलं, माझं त्याला दिलं. पुन्हा शंभर. त्याच्या हातात माझं घड्याळ ९९. माझ्या हातात त्याचं ३९.

पोस्टमन म्हणाला, काटेवाले, मग यातून काय निघालं. म्हटलं, विचार करावा लागेल.

विचार केला. तराजूत अदलाबदलीनंतर फरक मालाबरोबर गेला तर दोष मालात असतो, तराजूत नसतो, हे खरं. पण ते तराजूचं शास्त्र झालं. घड्याळाचं शास्त्र वेगळं. शिवाय पोस्टमन हात झुलवतो परेडसारखा. घड्याळाला त्याचा झुलणारा हात आवडतो. माझा हात शिस्तीचा, अंगाला चिकटून राहतो.

एकूण २,३४०. आतापर्यंतचा विक्रम.

५ सप्टेंबर, दुपारी

कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकवलं. मग एक मुलगी आली, आवाज फार गोड. तिने विचारलं, सर, चालताना हातात पिशवी असते का, हात खिशात असतो का, कठडा धरता का. म्हटलं, जिन्यात धरतो, रस्त्यात भिंत असेल तर भिंत. ती म्हणाली, सर, घड्याळ पाऊल बघत नाही, हाताचं हलणं बघून पाऊल ओळखतं. फार हळू चाललं किंवा हात स्थिर ठेवला तर काही पावलं सुटतात. मी विचारलं, किती सुटतात. म्हणाली, थोडी. म्हटलं, बाई, शंभरात साठ म्हणजे थोडी का. तिने पुन्हा गाणं लावलं.

म्हणजे हे पावलं मोजणारं यंत्र मुळी पायाकडे बघतच नाही. हे मुलाला सांगितलं. म्हणाला, बाबा, सगळ्यांचं तसंच असतं, तुम्ही हात मोकळे सोडून जरा भरभर चाला.

भरभर चालायचं ठरवलं होतं. पण आज गुडघा.

१,६५५.

७ सप्टेंबर

सहा दिवसांची बेरीज अकरा हजार. व्हायला हवी होती छत्तीस. पंचवीस हजार मागे. सकाळी दाढी करताना किल्ली मुलाच्या हातात देतोय असं दिसलं आणि हनुवटीला कापलं.

दुकानात गेलो. काहीच सुचेना म्हणून जुनं मोडीतलं लोखंडी वजन शिकंज्यात धरलं आणि कानस मारत बसलो. कानस दोन्ही हातांनी चालते, उजवा मुठीवर, डावा टोकाशी. मन शांत होतं. वीस-बावीस मिनिटांनी सहज घड्याळाकडे बघितलं.

१,६४० वाढली होती. स्टुलावर बसून.

मी दुकानाचं दार लोटून घेतलं.

आज एकूण ७,२१०. मुलाचा मेसेज आला, वा बाबा, आणि अंगठा.

८ सप्टेंबर

मन खात होतं म्हणून नीट विचार केला आणि तो इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा खाणार नाही.

मी लबाडी करतोय का? नाही. तराजूचं एक पारडं हलकं पडलं तर आम्ही त्याच्या बुडाच्या पोकळीत शिशाचा तुकडा टाकतो. त्याला भर म्हणतात. भर टाकणं ही लबाडी नाही, दुरुस्ती आहे. घड्याळ माझी शंभरातली साठ पावलं गिळतं. ती मी कानशीने परत घेतो. एवढंच.

शिवाय कानस मारणं हे चालण्यापेक्षा कष्टाचं आहे. कुणालाही विचारा.

८,३०५.

११ सप्टेंबर

डावा हात दुखतो. कानशीला पर्याय शोधले. नोंदी पुढीलप्रमाणे. अंडी फेटणे, दहा मिनिटं, ७२०. भांडी घासणे, ५८०. खिडकीच्या काचा पुसणे, ९४०. चादरी झटकणे, मोजदाद नाही, कारण घड्याळ निसटून पलंगाखाली गेलं.

हिने ऑम्लेट खाता खाता विचारलं, एकाएकी घरकामाचं प्रेम कुठून आलं. म्हटलं, तुला मदत. म्हणाली, लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हे घड्याळ कंपनीने तेव्हाच बाजारात आणायला हवं होतं. संध्याकाळी तिने कपाटातली पितळी भांडी काढून माझ्यासमोर रचून ठेवली. बारा नग.

कप फुटला एक. आजकाल कपांना कान नीट जोडत नाहीत.

१२ सप्टेंबर

मुलाचा फोन. म्हणाला, ॲपवर दिसतं की तुमची सगळी पावलं अकरा ते एकमध्ये होतात. तेव्हा तुम्ही दुकानात असता ना. दहा बाय आठच्या दुकानात आठ हजार पावलं कुठे चालता? मी म्हटलं, इकडून तिकडे.

हे खोटं नाही. कानस इकडून तिकडेच जाते.

तो बरं म्हणाला. मग म्हणाला, काळजी घ्या बाबा.

१४ सप्टेंबर

दुकानात वळताना पाय जमिनीला चिकटले. शब्दशः. मनात आलं पुढे जावं, आणि पाय जागचे हलेनात, जणू कुणी खाली डिंक ओतलाय. पाचेक सेकंद. मग एकदम सुटले आणि मी शिकंज्याला धरून राहिलो.

तेलामुळे. एक्केचाळीस वर्षांचं यंत्राचं तेल फरशीत मुरलंय. सोडा टाकून फरशी घासून काढली. घासण्याची २,१०० मिळाली, हा फायदाच.

जिना चढायला आज अकरा मिनिटं. पायऱ्या मोजून बघितल्या. चोपन्नच आहेत.

एक चांगली गोष्ट. माझं अक्षर सुधारलंय. पूर्वी एका पानात वीस ओळी बसायच्या, आता एकतीस बसतात. वही दीडपट पुरणार.

१७ सप्टेंबर

पोस्टमन न सांगता दुकानात आला. मी स्टुलावर, हातात कानस, शेजारी लोखंडाच्या किसाचा ढीग. त्याने ढिगाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. म्हणाला, काटेवाले, बसल्या जागी कुठवर पोचलात.

मी भर टाकण्याचं शास्त्र समजावलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, हे घड्याळ माझ्या नोकरीत असतं तर मी एक पाऊलही चाललो नसतो असं त्याने सांगितलं असतं. माझा एक हात कायम झोळीवर आणि दुसऱ्यात पत्रांचा गठ्ठा. पस्तीस वर्षांत हात हलला नाही. पण पत्रं पोचली ना. घड्याळाला कमी कळतं हे मला मान्य आहे. पण तुमचा उजवा पाय मागे राहतो हे घड्याळाने मला सांगितलं नाही, मी बघितलं. एकदा डॉक्टरला दाखवा.

मी म्हटलं, तुमचा चष्मा दाखवा. तो उठून गेला.

बरं झालं. कामात व्यत्यय.

८,४७०. बेरीज छान चाललीय.

१९ सप्टेंबर, दुपारी ३

हे लिहायला नको वाटतं. पण लिहितो.

कोपऱ्यावरची भाजीवाली परवा तिचा काटा घेऊन आली होती. जुनी गिऱ्हाईक, दर दोन महिन्यांनी येते. मी तिचा काटा साफ केला, एक किलोचं वजन ठेवून लावून दिला. आज ती दारात उभी. रडत नव्हती, तेवढंच बाकी होतं. कालपासून चौघांनी घरी जाऊन माल तोलला आणि परत येऊन भांडले. किलोमागे चाळीस ग्रॅम कमी. एकीने चारचौघांत चोर म्हटलं. ती मला विचारत होती, भाऊ, काट्यात काय झालं असेल.

काट्यात काही झालं नव्हतं. मी माझं एक किलोचं वजन उचलून मोठ्या तराजूवर टाकलं. नऊशे साठ.

मोडीतली वजनं संपल्यावर मी मोडीतलं समजून माझं प्रमाणाचं वजन कानशीखाली घेतलं होतं. किती दिवस घासलं कोण जाणे. मग ते पुसून परत फळीवर ठेवलं. आणि परवा तेच ठेवून तिचा काटा लावला. हातात घेताक्षणी मला कळायला हवं होतं. पूर्वी पाच ग्रॅम कळायचे.

तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर म्हटलं, हिचा दोष नाही, काटा मी चुकीचा लावला, माझं वजन खोटं होतं. एकाने विचारलं, खोटं कसं झालं. म्हटलं, झिजलं. हे मात्र खरं सांगवलं नाही. दुसरं वजन नेलं होतं, तिथल्या तिथे काटा लावून दिला. भाजीवाली म्हणाली, भाऊ, तुम्ही बसा जरा, घाम आलाय. आणि तिने मला एक काकडी दिली. माझ्यामुळे जिला चोर म्हणाले तिने.

ते वजन हातोड्याने वेडंवाकडं करून टाकलं. पुन्हा कुणाच्या वापरात येणार नाही.

कानस बंद. कायमची. अंडी, भांडी, चादरी, सगळं बंद. उरलेले दिवस फक्त पायांनी.

रात्री ८. बेरीज केली. आजपर्यंत १,१८,०००. हवीत १,८०,०००. उरली ६२,०००. दिवस अकरा. म्हणजे रोज ५,६३७. पायांनी माझी दोन हजारही होत नाहीत.

मग व्हायला लावू.

२० सप्टेंबर

डाव्या मनगटाला पट्ट्याचा चट्टा पडलाय, लोखंडाचा कीस आत जाऊन. घड्याळ आजपासून उजव्या हाताला.

सकाळी बाग, संध्याकाळी बाग. पोस्टमन लांबून दिसला, मी दुसऱ्या बाजूने वळलो. वळायला वेळ लागला.

२,८०४. प्रामाणिक.

२१ सप्टेंबर

४,३६०. दोन वेळा घड्याळ झटकून बघितलं. बरोबर आहे. पाय मोकळे होऊ लागलेत.

२२ सप्टेंबर

५,११५. कानशीशिवाय. अंड्यांशिवाय. एक वेळ तर बागेत गेलोच नाही, थकवा होता. तरीही.

प्रामाणिकपणाला यश येतं. हिला सांगितलं. ही माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, आज तुम्ही दुपारपासून खुर्चीतच आहात. म्हटलं, सकाळी बरंच झालं असेल. मुळात डाव्या हाताचं माप चुकत होतं, उजव्या हाताला माप बरोबर लागतं. पहिल्या दिवशी उजव्यालाच बांधलं असतं तर ती कानस, तो तमाशा काही झालं नसतं.

मुलाला फोन करून सांगितलं की घड्याळ उजव्या हातात घालायचं असतं. म्हणाला, असं काही नसतं बाबा. त्याला काय माहीत.

२४ सप्टेंबर

६,२४०. उजव्या पायाची चप्पल पुढून झिजली. तीन आठवड्यांत. माल हलका.

आज पोस्टमन स्वतः जवळ आला. चष्मा काढून दाखवला, म्हणाला, घ्या, तपासा. दोघंही हसलो. त्याला आकडा दाखवला. त्याने विचारलं, इतकं कुठे चालता, मला तर दिसत नाही तुम्ही. म्हटलं, तुम्ही नसताना.

२७ सप्टेंबर

दुपारी जेवण झाल्यावर ही माझ्या शेजारी येऊन बसली. माझा उजवा हात तिने स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. अर्धा तास. बेचाळीस वर्षांत असं केल्याचं आठवत नाही. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, काही नाही, बसा.

बरं वाटलं. पण त्या अर्ध्या तासात घड्याळ एकाही पावलाने पुढे सरकलं नाही. एरवी दुपारी पाचशे तरी होतात. करार संपल्यावर हवा तेवढा वेळ हात धर, आता नको, असं तिला सांगितलं. ती उठून गेली.

६,४३३.

२९ सप्टेंबर

आजपर्यंत १,७५,५२०. उद्या फक्त ४,४८० हवीत.

संध्याकाळी हिने विषय काढला. म्हणाली, दुपारी दोन ते चार तुम्ही खुर्चीत झोपला नव्हता, पण उठलाही नव्हता. मी घड्याळ बघून ठेवलं होतं. अकराशे वाढली. ती पावलं कुणी टाकली? मी म्हटलं, यंत्र सकाळची बाकी दुपारी चढवतं, त्याला ब्लूटूथ म्हणतात. म्हणाली, तुम्ही जगाचे काटे तपासता, हा एक तपासा. म्हटलं, परवा तपासतो. म्हणाली, उद्या. म्हटलं, उद्या जिंकल्यावर.

ती म्हणाली, अहो, मला तुमच्या मुलाकडे जायची हौस नाही. त्यांच्या तळमजल्याला ओल आहे. मला फक्त तो काटा तपासून हवाय.

मला वाटलं होतं ती त्याच्या बाजूने आहे.

३० सप्टेंबर, दुपारी १२.३०

झाली. एक लाख ऐंशी हजार. सरासरी सहा हजार.

मुलाचा लगेच फोन. म्हणाला, बाबा, मानलं तुम्हाला. तीस दिवसांत माझी स्वतःची एवढी झाली नाहीत. शब्द म्हणजे शब्द, हा विषय बंद. दुकान तुमचं, घर तुमचं. ती खोली मुलीला अभ्यासाला देतो. त्याचा आवाज हलका झाला होता.

मी हिला म्हटलं, बघ. हिने टेबल रिकामं केलं, पुसलं आणि घड्याळासाठी हात पुढे केला.

दुपारी ४

शून्याची तपासणी. कुठलाही काटा असो, आधी रिकाम्या पारड्याने तपासायचा. पारड्यात काही नसताना शून्य दाखवायला हवं. शून्यावरून आपोआप सरकणारा काटा बाकी कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही.

एक. घड्याळ टेबलावर. एक तास. वाढ ०.

दोन. घड्याळ डाव्या हाताला. हात मांडीवर, स्वस्थ. पंधरा मिनिटं. वाढ ०.

तीन. घड्याळ उजव्या हाताला. हात मांडीवर, तसाच स्वस्थ. पंधरा मिनिटं. वाढ २१४.

तिसरी तपासणी पुन्हा केली. १९६. पुन्हा केली. २३१.

चौथ्यांदा आकड्याकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत होते, काहीतरी चुरगाळत असल्यासारखे. मी म्हटलं, थांब. एक क्षण थांबला. मग पुन्हा सुरू. मी चहाचा कप उचलला तेव्हा जरा निवांत झाला, खाली ठेवला की पुन्हा. ही समोर बसली होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. विचारलं, कधीपासून. म्हणाली, तुम्ही पडलात त्याच्या आधीपासून. विचारलं, बोलली का नाहीस. म्हणाली, बोलले. तुम्ही चपला आणल्यात.

संध्याकाळी ६

मुलाला फोन लावला. मनात काय काय वाक्यं जुळवली होती. घड्याळ सदोष असल्याने करार तूर्त स्थगित समजावा, असं एक होतं.

तो म्हणाला, बोला चॅम्पियन. मी म्हटलं, ती खोली मुलीला इतक्यात देऊ नकोस. त्याने विचारलं, का. म्हटलं, आकडा बरोबर नाही. म्हणाला, घड्याळ बिघडलं का, मी बदलून आणतो, वॉरंटीत आहे. मी म्हटलं, नाही, घड्याळ तपासलं, दोनदा तपासलं, त्यात काही दोष नाही.

मग काय झालं, तो म्हणाला.

मी फोन हिच्यापुढे धरला. हिने घेतला नाही, हात मागे घेतले आणि मान हलवली. पलीकडे तो बाबा, बाबा करत होता. फोन कानाला लावला तर कानावर टकटक वाजायला लागला, म्हणून डाव्या हातात घेतला.

म्हटलं, डॉक्टरची वेळ घे. उजवा हात थांबत नाही.